डब्यात बसू देऊ नका

आमच्या सासूबाईंचे कान चांगले शाबूत आहेत. शेजारच्या सरलाबाईच्या चुलीवर दूध उतू गेलं तरी यांना अंथरुणात कळतं. पण कानात शिरलेली गोष्ट डोक्यापर्यंत जाताना वाटेत तिचं काय होतं, ते देव जाणे. मागे बँकेतला साहेब म्हणाला, "आजी, आधार लिंक करून घ्या." घरी येऊन यांनी आधार कार्डावरून लिंबू उतरवलं आणि ते देवाजवळ ठेवून दिलं. म्हणून कोकीच्या बाबतीत जे झालं त्याचं मला नवल वाटायला नको होतं. नवल नाहीच वाटलं, राग आला.

कोकी म्हणजे कोकिळा, माझी सात वर्षांची लेक. दिवस भरायच्या आधीच जन्मली. जन्मताना मेंदूला थोडा मार बसला आणि त्याचा हिशोब तिच्या पायांना चुकवावा लागला. सेरेब्रल पाल्सी म्हणतात त्याला. पायांचे स्नायू सदा आवळलेले, टाचा टेकत नाहीत, चालताना एक गुडघा दुसऱ्याच्या आड येतो. जीभ मात्र अगदी माझ्या वळणावर गेली आहे, तिला कुठलीच अडचण नाही. आमच्या रनाळे गावात ज्याला त्याला तिच्या पायांवर औषध माहीत होतं. कोणी तेल सांगितलं, कोणी ताईत दिला. सासूबाईंनी तर तिचे पाय गरम वाळूत पुरून पाहिले. पोरगी वाळूत बसून गाणी म्हणायची, पाय होते तसेच राहायचे.

मग नंदुरबारच्या उपचार केंद्राचा पत्ता लागला आणि रविना मॅडम भेटल्या. फिजिओथेरपिस्ट, वयानं माझ्याहून लहान, धडगावकडच्या पावरा आदिवासी. त्यांच्या घरात पावरी, आमच्या घरात अहिराणी, म्हणून मधल्या वाटेवर मराठीत भेटायचं. मराठी आम्हा दोघींनाही शाळेत मिळालेली, सासूबाईंना तर तीही नाही. पहिल्याच दिवशी मॅडमनी माझ्याकडे न बघता कोकीला विचारलं, "तुला काय करता यायला हवं?"

मला वाटलं, चालायचंय म्हणेल. कोकी म्हणाली, "मले रेल्वेमा दारमाईन चढनं शे. खिडकीमाईन नही."

आता ही खिडकी काय ते सांगते. माझं माहेर उधन्याला, सुरतेला लागून. दिवाळीला आम्ही गाडीनं गेलो तेव्हा नंदुरबार स्टेशनात ही गर्दी. माझा नवरा कुंदन मिरचीचा टेम्पो चालवतो, माल कसा पटापट भरायचा ते त्याच्या अंगात भिनलेलं. त्यानं संकटकाळच्या बिनगजाच्या खिडकीतून कोकीला आत दिली, एका अनोळखी माणसाच्या हातात. तिच्यामागून पिशवी, पिशवीमागून रुमाल. आम्हाला जागा मिळाली म्हणून कुंदन खूश होता. कोकी उधन्यापर्यंत त्याच्याशी बोलली नाही. उतरताना एवढंच म्हणाली, "मी काय मिरचीनं पोतं शे का?"

मॅडमना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी कोकीचे पाय हातात घेऊन वाकवून पाहिले, तिला उभं केलं, बसवलं, पुन्हा उभं केलं. म्हणाल्या, "ठीक आहे. मग दारातूनच." मेंदूचा मार काही जात नाही, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. पण आहे त्या पायांना रोज काम दिलं, तेही तिला हव्या असलेल्या गोष्टीचं, तर पाय शिकतात. गुडघ्याखाली घालायचे प्लास्टिकचे बूट मिळाले, टाच खाली राहावी म्हणून. आणि घरी करायचा पहिला पाठ होता खुर्चीतून उठायचा. पावलं सपाट टेकतील इतक्या उंचीवर बसायचं, पुढे झुकायचं, उठायचं, परत बसायचं.

तेवढ्या उंचीची खुर्ची आमच्याकडे कुठली? गोडेतेलाचा रिकामा डबा होता. उभा ठेवला, वर गोधडीचा तुकडा घातला, तो कोकीच्या मापाचा निघाला. त्याच्यावर बसून ती जेवायची, टीव्ही बघायची, अभ्यासाचं नाटक करायची. मी भिंतीला दोरी बांधली. डब्यावरून उठायचं, दोरीला कपड्याचा चिमटा लावायचा, बसायचं. चिमटे संपले की काढायला उठायचं. उजवा पाय जरा जास्त ऐकतो, डावा हट्टी. कोकीनं त्यांची नावं ठेवली, शहाना पाय आणि येडा पाय. चढताना शहाणा आधी, उतरताना येडा आधी, हा मॅडमनी शिकवलेला नियम ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. थंडी सरेपर्यंत ती भिंतीला हात न लावता डब्यावरून उठायला लागली. आम्ही दोघींनी त्या दिवशी शेवभाजी करून खाल्ली.

आणि मग मला टायफॉइड झाला. मी आडवी पडले आणि केंद्रात कोकीला घेऊन सासूबाई जायला लागल्या. कुंदन टेम्पोतून सोडायचा आणि पुढे मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर माल उतरवायला जायचा. एके दिवशी सासूबाई परत आल्या त्या थेट डब्याकडे गेल्या. कोकीला उठवलं, गोधडी काढली आणि डबा बगलेत मारला.

"काय झायं, माय?" मी अंथरुणातून विचारलं.

"मॅडमनी सांगेल शे. पोरले डब्बामा बठू देवानं नही."

"डब्बामा?"

"हा. दोन डाव सांगं तिनी. कंबर खराब व्हई जास म्हने."

मला अंगात ताप होता, वाटलं डब्याची उंची चुकली असेल. आडव्या माणसाचं तसंही घरात कोण ऐकतं. डबा गोठ्यात गेला, त्यात म्हशीची सरकी ढेप भरली गेली. चिमटे परत कपड्यांच्या कामाला लागले. कोकी जमिनीवर बसायला लागली. गुडघे पुढे, मधे बूड, आणि दोन्ही पावलं मागे दोन बाजूंना फाकलेली. तशी बसली की तिचा तोल जायचा नाही, हात मोकळे राहायचे. मला ती सुखात दिसायची. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "देख, कशी बेंडूक बठस तशी बठनी."

मी उठून घरात वावरायला लागले त्याच सुमाराला माझ्या भावाचा, भटूचा, उधन्याहून फोन आला. लग्न ठरलं होतं. सख्खा भाऊ, मी एकुलती एक बहीण, म्हणजे करवली मीच. कोकी तर फोनवरच मामाला सांगून मोकळी झाली की मी दारातून चढून येणार आहे, स्टेशनवर बघायला ये. रात्री जेवताना मी तिकिटांचा विषय काढला.

"कोकी नही येवाव," सासूबाई म्हणाल्या. "तिले डब्बामा बठाडानी मनाई शे."

घास माझ्या हातातच राहिला. "माय, तो तेलना डब्बा व्हता. रेल्वेना डब्बाना काय संबंध?"

"डब्बा तो डब्बा. डाक्टरना पुढे तुन्हं शानपन नको. तुम्ही दोन्ही जा. मी आनि कोकी घर ऱ्हासूत."

मी कुंदनकडे पाहिलं. कुंदन आईचं ऐकताना आईकडे मान डोलावतो, माझं ऐकताना माझ्याकडे. त्या रात्री त्यानं भाताकडे मान डोलावली. म्हणाला, "बठीसन काही बिघडी गये तं?" त्याला दोष तरी काय द्यायचा? पोरीच्या कमरेचं नाव काढलं की आमची दोघांचीही हिंमत खचते.

कोकी रडली नाही. रडली असती तर मी समजूत घातली असती. तिनं बसल्या जागी बुटांचे पट्टे सोडले, बूट खाटेखाली सारले आणि म्हणाली, "आते काय काम शे यानं?" सगळा थंडीचा मोसम या पोरीनं एका दारासाठी पाय झिजवले होते.

महिन्यानं आलेल्या पुढच्या खेपेला केंद्रात मी गेले आणि सासूबाईंना मुद्दाम बरोबर घेतलं. म्हटलं, होऊ दे समोरासमोर. मॅडमनी कोकीला सतरंजीवर झोपवलं, गुडघे वाकवून पाय बाजूला नेऊन पाहिले आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पुन्हा पाहिलं.

"काजलताई, हे काय झालं? कंबर एवढी आवळली कशी? ही घरी डब्ल्यूमध्ये बसते का?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे सरसावल्या. "नही मॅडम. तुम्ही सांगं त्या दिनपाईन डब्बामा बठूच दिधी नही. डब्बा गोठामा फेकी दिधा."

"डबा?" मॅडम म्हणाल्या. "कसला डबा?"

मॅडम सासूबाईंकडे बघतायत, सासूबाई माझ्याकडे, मी दोघींकडे. खाली सतरंजीवरून कोकीचा आवाज आला. "मोठी माय, डब्बा नही, डब्ल्यू." ती उठून बसली, आपली ती बेडकाची बैठक मारली आणि बोटानं स्वतःच्या पायांवरून रेघ काढली. खाली, वर, खाली, वर. "हाऊ देख. एबीसीडीमाधला डब्ल्यू."

मॅडमनी तोंडावर ओढणी धरली, पण खांदे हलायचे ते हललेच. मला हसू आलं, पोट धरून आलं, आणि हसता हसताच डोळ्यांत पाणी आलं, कारण मला सगळं एकदम दिसलं. जी बैठक नको म्हणून सांगितली होती, ती पोर महिनाभर करत होती. आणि जी हवी होती, ती डब्यासकट गोठ्यात म्हशीपुढे होती. म्हशीला चांगली व्यवस्था झाली म्हणायची. मी सासूबाईंना जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्या खाली मान घालून ऐकत राहिल्या, आणि त्या ऐकत राहिल्या याचंच मला नंतर वाईट वाटलं.

"माझंच चुकलं," मॅडम म्हणाल्या. "अक्षरात सांगायला नको होतं, बसून दाखवायला हवं होतं. आमच्या धडगावातही कोणाला कळलं नसतं." मग मी रेल्वेचं आणि लग्नाचं विचारलं, तेव्हा त्यांनी खरं काय ते सांगितलं. रेल्वेत बसायला काडीचीही हरकत नाही. चढायला जमेल का, ते त्या सांगू शकत नाहीत. कंबर सैल व्हायला वेळ लागेल आणि लग्न जवळ आलंय. "नाही जमलं तर पप्पांनी उचलून घ्यावं. त्यात कमीपणा नाही." कोकीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. ते बघून मॅडम खाली तिच्याशेजारी बसल्या. "पण आधी प्रयत्न तू करायचा. पप्पांनी हात कमरेजवळ ठेवायचा, कमरेला लावायचा नाही."

घरी पोचल्यावर सासूबाई टेम्पोतून उतरल्या त्या गोठ्यात गेल्या. ढेप उपसली, डबा राखेनं घासला, ओसरीवर आणून ठेवला. मग घमेल्यानं वाळू आणून त्यात भरत बसल्या. मी विचारलं, हे काय. म्हणाल्या, "रिकामा डब्बा कलंडस. आते चढनं बी यानाच वर शे ना." गरम वाळूनं जे झालं नव्हतं, ते या वाळूनं व्हायचं होतं.

त्या दिवसापासून घरात फौजदार आला. कोकीचा पाय जरा मागे सरकला की आतून आवाज, "डब्ल्यू." हा शब्द त्यांना असा काही आवडला की कुंदन वाकडातिकडा बसला तरी "डब्ल्यू", आणि एकदा म्हैस पाय मुडपून बसली तर तिलाही. कुंदननं डब्याच्या दोन बाजूंना ओट्याला पाइप ठोकले, गाडीच्या दाराला असतात तशा दांड्या. आधी विटेवर चढायचं, मग दोन विटांवर, मग डब्यावर. दांडी धर, शहाणा पाय वर, पुढे झुक, येडा ओढून घे. येडा पाय डब्याच्या कडेला अडायचा. कोकी त्याला शिव्या द्यायची, मी तिला रागवायचे, सासूबाई मला रागवायच्या. त्या सारख्या तिथेच उभ्या असायच्या, एक हात भिंतीला लावून. त्या स्वतः ओटा चढताना आडव्या होऊन, भिंत धरून चढतात, हे मी किती वर्षं बघत आले. बघूनही कधी विचार केला नाही. गाडीनं उधन्याला यायचं म्हटलं की त्यांची म्हैस आडवी यायची. दिवाळीला म्हैस, बारशाला म्हैस. यावेळी सरलाबाईनं म्हैस सांभाळते म्हणून सांगितलं, तेव्हा त्या गप्पच झाल्या. मी आपलं समजले, कबूल आहेत.

लग्नाच्या आदल्या सकाळी आम्ही नंदुरबार स्टेशनात उभे होतो. लग्नसराई, सगळं खान्देश सुरतेकडे निघालेलं. गाडी लागली तशी कुंदनची नजर सवयीनं खिडक्यांवरून फिरली.

"पप्पा, खिडकीकडे देखू नको," कोकी म्हणाली.

दारापाशी रेटारेटी होती. मी मधे उभी राहिले. मागून एक बाई म्हणाली, "उचलीसन टाका ना पोरले, गाडी सुटी जाई." मी वळून तिच्याकडे असं पाहिलं की ती दुसऱ्या दाराकडे गेली. कोकीनं दोन्ही दांड्या धरल्या. शहाणा पाय पायरीवर गेला. ती पुढे झुकली, येडा पाय निघाला आणि बुटाचं टोक पायरीच्या कडेला अडलं. ती मागे झुकली. कुंदनचे हात तिच्या कमरेजवळ होते, पण कमरेला लागले नाहीत. तिनं पाय खाली घेतला नाही. दांडी घट्ट धरून जरा थांबली, त्या पायाला काहीतरी बोलली, आणि परत ओढला. आला. मग दुसरी पायरी. वर जाऊन ती दारात आमच्याकडे तोंड करून उभी राहिली, बाजूला सरायचं नावच घेईना. कुंदन बाहीनं तोंड पुसायला लागला. मी तर उघडच रडत होते.

मी पिशव्या आत दिल्या, चढले आणि मागे वळून पाहिलं. सासूबाई फलाटावर चार पावलं मागे उभ्या होत्या, पिशवी छातीशी धरून.

"तुम्ही निंघा," त्या म्हणाल्या. "सरलाबाईले म्हैस दूध देस का नही देस, भरवसा नही. मी घर जास."

"माय, तिकीट काढेल शे," कुंदन म्हणाला.

"ऱ्हाऊ दे तिकीट."

त्या बोलत होत्या आमच्याशी, पण बघत होत्या पायरीकडे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. भिंत धरून आडवं चढणं, दर वेळची ती म्हैस, आणि "मी आनि कोकी घर ऱ्हासूत." तेलाच्या डब्याचा रेल्वेचा डबा त्यांच्या कानांनी केलाच नव्हता, पायरीला भिणाऱ्या गुडघ्यांनी केला होता. आणि या बाईला मी चारचौघांत नको ते बोलले होते. शिटी झाली. कुंदननं पुढे होऊन आईच्या कमरेत हात घातला, पोतं उचलायला वाकतो तसा वाकला, आणि सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"पप्पा, उचलू नको," दारातून कोकी म्हणाली. "हात कंबरजवळ ठेव. कंबरले नको."

कुंदननं हात काढला. कोकीनं एका हातानं दांडी धरली आणि दुसरा खाली केला. "मोठी माय, भेव वाटस ना? मले बी वाटे. दांडी धर. तुन्हा शहाना पाय कोनता?"

"दोन्ही येडा शेत, माय," सासूबाई म्हणाल्या.

कोकीनं जरा विचार केला. "मंग कमी येडा शे तो पह्यले."

सासूबाईंनी पिशवी माझ्याकडे दिली आणि दांडी धरली. डावा गुडघा त्यांनी वर घेतला, बऱ्याच वर्षांनी सरळ, भिंतीशिवाय. गाडी हलली तेव्हा आम्ही चौघंही डब्यात होतो, आणि चौघंही दारातून आलो होतो.